कोणी ओळखीचं आहे का?

‘इकेबुकुरो वेस्ट गेट पार्क’ ही १२ भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका. इरा इशिदा या लेखकाच्या कथांवरून डोगा कोबो स्टुडिओने ती बनवली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ती जपानी टीव्हीवर आली. टोकियोतलं इकेबुकुरो स्टेशन, त्याच्या पश्चिम दारासमोरचं मैदान, जवळच आईसोबत फळांचं दुकान चालवणारा माकोतो माजिमा आणि त्याचा दोस्त ताकाशी आंदो. हा ताकाशी ‘जी-बॉइज’ नावाच्या पोरांच्या टोळीचा म्होरक्या. सगळे त्याला राजाच म्हणतात. लोक अडचण घेऊन माकोतोकडे येतात, तो वाट काढतो, अडलं तर राजाची पोरं धावून येतात. बहुतेक भागांत नवी अडचण: नशेचा माल, फोनवरची फसवणूक, पोरांना राबवून घेणाऱ्या कंपन्या, परदेशी लोकांविरुद्धचे मोर्चे.

माझ्या धाकट्या बहिणीने ही मालिका आमच्या मामाला बघायला लावली. ती पुण्यात जपानी शिकली, इशिदांची पुस्तकं मुळातून वाचते. मामा परळच्या चाळीत वाढला आणि सगळी नोकरी त्याने मुंबईच्या वर्तमानपत्रांत गुन्ह्यांच्या बातम्या देण्यात घालवली. पुढचं बोलणं त्या दोघांचं आहे. कंसात आहे ते माझं.

मामा : एक सांग. या टोळीचं पोट कशावर चालतं?

भाची : हे काय विचारणं झालं?

मामा : पहिला प्रश्न हाच असतो गं. इतकी पोरं ठरल्या रंगाचे कपडे घालून जमतात, राजाने मान हलवली की पळतात. हप्ता घेताना कुणी दिसत नाही. मटका नाही, गुत्ता नाही, जागा खाली करून देणं नाही. मी ज्या टोळ्या पाहिल्या त्यांचं मुख्य काम पैसा उभा करणं. हाणामारी त्या पैशासाठी. तुझा राजा पैशाला हात लावत नाही, केस विस्कटत नाही, आणि तरी सगळं इकेबुकुरो त्याला वचकून आहे. हे मला पटत नाही.

भाची : तू त्याला मुंबईचा भाई समजून बघतोस. तिथे धंदा याकुझांचा, म्हणजे जपानच्या जुन्या संघटित टोळ्यांचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इकेबुकुरोत रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या पोरांच्या टोळ्या खरंच होत्या. एकाने लाल घालायचं, दुसऱ्याने निळं. ती पोरं साधी नव्हती, लोकांना मारायची, लुटायचीही. पण तो काळ बघ. इशिदांना पहिल्या कथेसाठी पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात यामाइची ही शेअर बाजारातली बडी कंपनी बुडाली. शिकून बाहेर पडलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत. माकोतो तर तांत्रिक शाळेतून कसाबसा बाहेर पडलेला, आईच्या दुकानात कलिंगडं मांडतोय. ज्यांना कुठल्याच कंपनीच्या दारात उभं करणार नाहीत, अशी पोरं मैदानात जमायची.

मामा : हे मला कळतं. आमच्याकडे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख माणसं घरी बसली. त्यांच्यातल्या काही घरांतली पोरं पुढे कुठे गेली ते मी जवळून पाहिलं. भाईच्या दगडी चाळीत नवरात्राला रांगा लागायच्या, भांडण घेऊन लोक पोलीस चौकीऐवजी तिथे जायचे. ‘भाईने मिटवलं’ असं अभिमानाने सांगायचे. तो भाई २००४ मध्ये आमदार झाला, आणि नगरसेवकाच्या खुनासाठी २०१२ मध्ये जन्मठेपेला गेला. म्हणून गरिबाच्या बाजूने उभी राहणारी टोळी दिसली की मी पुढच्या भागाची वाट बघतो. इथे तो पुढचा भाग येतच नाही.

(मामाच्या तोंडून दगडी चाळ निघाली की घरात सगळे सावरून बसतात, कारण आता तासभर तेच चालणार. या वेळी बहिणीने त्याला तिथे थांबू दिलं नाही.)

भाची : ठीक. राजा सोडून दे, तो दिखाऊ आहे, मान्य. माकोतोबद्दल बोल. तो करतो काय? दुकानात बसतो आणि ऐकतो. पुस्तकात तर तो रस्त्यावरच्या फॅशनच्या मासिकात सदरही लिहितो आणि सगळी गोष्ट तोच सांगतो, वाचणाऱ्याशी गप्पा मारल्यासारखी. अ‍ॅनिमेत तो आवाज बराचसा गेला, हे माझंही दुखणं आहे. त्याच्याकडे पिस्तूल नाही, पैसा नाही. फक्त तो सगळ्यांना ओळखतो.

मामा : बरोब्बर! माझं दुखणं तेच आहे. पोलीस ठाण्याचा मोठा साहेब कोण? याचा लहानपणीचा शेजारी, दादा म्हणून हाक मारायचा तो. याकुझांच्या गोटातला तो बुटका, सारू, तो कोण? शाळेतला वर्गमित्र. टोळीचा राजा कोण? जिगरी दोस्त. सगळं शहर एकाच शाळेतून बाहेर पडलंय की काय? आपल्याकडे इस्पितळात खाट हवी असली, ठाण्यात तक्रार लिहून घ्यायची असली, की आपण पहिल्यांदा काय विचारतो? कोणी ओळखीचं आहे का? ही मालिका त्या प्रश्नाला भाग मागून भाग ‘हो, आहे’ असं उत्तर देत जाते. ज्याला खरंच कोणी ओळखीचं नाही, त्याचं काय?

भाची : त्याच्यावरही गोष्ट आहे. चिनी मुलीची.

मामा : सांग.

भाची : जपानने १९९३ मध्ये परदेशी तरुणांना ‘काम शिकवायला’ आणायची योजना काढली. नाव शिक्षणाचं, प्रत्यक्षात शेतात, कारखान्यात कमी पगारात हात हवे होते. मालक बदलता यायचा नाही. अनेक जण दलालाचं कर्ज डोक्यावर घेऊन यायचे. जाच सोसवेना झाला की पळून जायचे आणि त्या क्षणी बेकायदा व्हायचे. इशिदांची ‘ड्रॅगन टिअर्स’ २००९ मध्ये पुस्तकात आली. कारखान्यातून एक चिनी मुलगी पळते. ती सापडली नाही तर तिच्यासोबत आलेल्या सगळ्यांना परत पाठवणार. म्हणून त्यांचाच एक माणूस तिला शोधायला माकोतोकडे येतो. आता गंमत अशी की तो खलनायक नाही. त्याला बाकीच्यांच्या घरची चूल दिसतेय. मुलीला तिच्या आजारी बापाचं औषध दिसतंय. दोघंही बरोबर.

मामा : आणि सुटका?

भाची : माकोतोची आई त्या मुलीला दत्तक घेते.

मामा : काय?

भाची : रीतसर. मुलगी माजिमा घराची होते, माकोतोची बहीण, कागदावर सगळं नीट.

मामा : अगं, म्हणजे तेच झालं ना! ओळख नव्हती, तर ओळख तयार केली. कुटुंबात घेतलं. एक मुलगी सुटली. तिच्यासोबत आलेल्या बाकीच्यांनी काय करायचं? इकेबुकुरोत फळवाल्या बायका आहेत तरी किती? बातमीदार म्हणून मी ही गोष्ट संपादकाकडे नेली असती तर त्याने विचारलं असतं, कारखान्याचं नाव कुठंय, दलालाला किती पैसे दिले, मजूर खात्याने काय केलं? ते सगळं बाजूला राहिलं आणि लोकांनी डोळे पुसले.

भाची : पण तू डोळे पुसलेस की नाही?

मामा : मी म्हातारा झालोय, मी कशावरही पुसतो.

(दत्तकाच्या त्या तोडग्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. मामा म्हणतो तो दोष आहेच. पण ती आई विधवा आहे, दुकान एकटीने ओढलेलं आहे, आणि हा निर्णय ती पोराला न विचारता घेते. सबंध कथामालेत कायद्याचा इतका हुशार वापर दुसऱ्या कुणी केलेला मला आठवत नाही. राजाच्या पोरांना हे सुचणंच शक्य नव्हतं.)

भाची : आणि ती योजना बंद करायचा कायदा जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये केला. नवी पद्धत २०२७ पर्यंत लागू व्हायची आहे, तिच्यात काही अटींवर मालक बदलता येईल. गोष्टीनंतर १५ वर्षांनी.

मामा : गोष्टीमुळे बदलला म्हणतेस?

भाची : नाही. वकिलांनी, कामगार संघटनांनी, तुझ्यासारख्या बातमीदारांनी पाठपुरावा केला, आणि शिवाय मजूर मिळेनासे झाले म्हणून सरकारलाच गरज पडली. मी एवढंच म्हणते की १५ वर्षं आधी करमणुकीची पुस्तकं घेणाऱ्या लाखो लोकांना, आपण खातो ती भाजी कोण खुडतं, हे या माणसाने सांगून ठेवलं होतं. तुझ्या बातम्या ते लोक वाचत नव्हते.

मामा : हे मात्र लागलं.

भाची : अजून सांगते. पहिल्या भागातली ती नशेच्या मालाची इमारत घे. उत्तर दाराजवळची. तिथे विकतात तो माल कायद्याने अमली पदार्थ नाहीच, कारण एका रसायनावर बंदी आली की दुसरं बनवायचं. हे काल्पनिक नाही. २४ जून २०१४ ला इकेबुकुरोच्या पश्चिम दाराजवळ असला माल ओढून गाडी चालवणाऱ्याने ती फुटपाथवर घातली. एक स्त्री गेली, बरेच जखमी झाले. त्यानंतर पोलिसांनी लोकांकडून नवं नाव मागवलं आणि ‘धोकादायक ड्रग’ म्हणायला लागले, कारण जुन्या नावात ‘कायद्यातून सुटलेलं’ असा सूर होता. मग कायदा कडक झाला, दुकानं बंद पडली. गोष्ट ज्या गल्लीत घडते, तिथून थोड्या अंतरावर हे झालंय.

मामा : म्हणजे लेखक वर्तमानपत्र वाचून गोष्टी लिहितो.

भाची : हो. आणि ते लपवत नाही.

मामा : मग तुझ्या अ‍ॅनिमेवाल्यांना एवढंच विचार की वर्तमानपत्राच्या गोष्टीला २० मिनिटं कशी पुरतात? त्या मोर्च्याचाच भाग बघ. चिनी लोकांनी निघून जावं म्हणून घोषणा. स्टेशनच्या उत्तरेला चिनी दुकानांची वस्ती आहे, तिथेच जाऊन ओरडतात. विषय केवढा! आणि तो कोण काय करतंय, कोण कोणाला फितूर आहे, याच्या शोधात संपतो. घोषणा देणारा माणूस घरी जाऊन जेवतो कसा, हे मला बघायचं होतं.

भाची : ते तर मलाही हवं होतं. त्यात खऱ्या जगातली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. २०१३ च्या सुमाराला टोकियोतल्याच शिन-ओकुबोत कोरियन लोकांविरुद्ध असे मोर्चे निघायचे आणि त्यांच्यासमोर सामान्य लोक फलक घेऊन उभे राहायचे. २०१६ मध्ये कायदा झाला, पण शिक्षाच नाही. ‘असं करू नये’ एवढंच. कावासाकी शहराने २०१९ मध्ये पहिल्यांदा दंडाची तरतूद केली, ५ लाख येनपर्यंत. समोर फलक घेऊन उभे राहिलेले ते लोक मालिकेत हवे होते. तिथे पुन्हा टोळीच आली.

मामा : तुला पण राजा नकोसा झाला तर!

भाची : राजा नाही, टोळीची सवय नकोशी झाली. शेवटचे भाग तर लाल कपड्यांची ‘रेड एंजल्स’ आणि जी-बॉइज यांच्या युद्धाचेच आहेत. १९९८ च्या पहिल्या पुस्तकातली ती कथा तेव्हा ताजी होती. २०२० मध्ये ती कथा बघताना प्रश्न पडतो की ही पोरं अजून आहेत कुठे? ते मैदान मी पाहिलंय. आता त्याला ‘ग्लोबल रिंग’ म्हणतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये नवं करून उघडलं, वर मोठमोठ्या कड्या, संगीताचे कार्यक्रम. शेजारी मोठं नाट्यगृह. त्याच्या आधी २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने लोकसंख्येचा हिशेब मांडून, पुढे संपुष्टात येऊ शकतील अशा गावा-शहरांची यादी काढली होती. टोकियोच्या २३ विभागांपैकी तिच्यात एकटा तोशिमा होता, म्हणजे हेच इकेबुकुरो. विभागाने धसका घेतला. बायाबापड्यांना, लेकुरवाळ्यांना यावंसं वाटावं म्हणून बागा नीट केल्या, नाटक आणि अ‍ॅनिमे यांचं गाव म्हणून नाव कमावायचं ठरवलं.

मामा : आणि टोळीची पोरं गेली. जागा सुंदर करताना पहिल्यांदा तीच जातात.

भाची : ती त्याआधीच गेली होती रे. याकुझासुद्धा आटलेत. १९६३ मध्ये त्यांची माणसं १ लाख ८४ हजारांच्या घरात होती, २०२३ च्या शेवटी पोलिसांच्या हिशेबाने २० हजारांच्या आसपास. कायद्याने त्यांना भाड्याने घर मिळेना, बँकेत खातं मिळेना. आता तू म्हणशील, छान झालं.

मामा : म्हणणारच.

भाची : मग त्यांच्या जागी काय आलं ते ऐक. फोनवर जाहिरात येते : एक दिवसाचं काम, भरपूर पैसे. पोरगा अर्ज करतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, आईवडिलांचा पत्ता देतो. मग कळतं की काम दरोड्याचं आहे. मागे फिरायचं म्हटलं तर पत्ता त्यांच्याकडे आहे. शेजारी उभ्या साथीदाराचं नाव त्याला ठाऊक नसतं, हुकूम देणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलेला नसतो. जानेवारी २०२३ मध्ये टोकियोतल्या कोमाए इथे ९० वर्षांच्या बाईला घरात घुसून मारलं. अशा दरोड्यांचे हुकूम फिलिपिन्समधून यायचे, तिथल्या स्थलांतर खात्याच्या कोठडीत बसलेल्या लोकांकडून. हुकूम देणारा स्वतःला काय म्हणवून घ्यायचा माहितीये? लुफी. ‘वन पीस’चा नायक. दोस्तांसाठी जीव टाकणारा.

मामा : (बराच वेळ गप्प राहून) कोठडीतून?

भाची : कोठडीतून. पोलिसांनी या प्रकाराला ‘अनामिक, फिरत्या टोळ्या’ अशा अर्थाचं नाव दिलंय, कारण टोळी म्हणावी असं तिथे काही उरतच नाही. म्हणून मी माकोतोच्या ओळखींना नावं ठेवायला तयार नाही. तुझ्या भाईला लोक तोंडावर शिव्या तरी देऊ शकत होते, त्याची आई कुठे राहते ते ठाऊक होतं. फोनवरून म्हाताऱ्यांना लुबाडणाऱ्या टोळीतला पोरगा माकोतोकडे येतो, मला यातून काढ म्हणतो, ती गोष्ट आठव. त्याला यायला दुकान होतं, दार उघडं असलेलं. कोमाएच्या पोरांना ते नव्हतं.

मामा : आपल्याकडे आता व्हिडिओ कॉलवर खाकी घालून म्हाताऱ्यांना घरातच ‘अटक’ करतात, तेही असंच. पण थांब. तू मला भाई आणि लुफी यांच्यातून एक निवडायला सांगतेस. मी निवडणार नाही. मला तिसरं हवंय. ओळख नसताना उघडणारं दार. ठाणं म्हण, वकील म्हण, मजूर खातं म्हण.

भाची : तिसऱ्यावर गोष्ट लिहिणं फार अवघड आहे.

मामा : अवघड आहे म्हणून तर लेखक लागतो.

भाची : एक आहे. पुस्तकातली, ‘बीस्ट अँड रीयुनियन’. एका मुलीच्या भावाला रस्त्यात लुटलं, किरकोळ पैशांसाठी, आणि लुटताना गुडघा फोडला. तो स्वतःचं खाण्याचं दुकान काढायच्या तयारीत होता, ते संपलं. मारणारा अल्पवयीन, सुधारगृहातून लवकर सुटला. बहीण माकोतोकडे येते आणि म्हणते, त्याचाही गुडघा फोड.

मामा : आणि राजा ते करू शकतो.

भाची : चुटकीसरशी. माकोतो करत नाही. तो त्या गुन्हेगार पोराच्या मागावर राहतो, तो आता कसा जगतोय ते बघतो, आणि शेवटी भाऊ, बहीण आणि तो पोरगा यांना एका ठिकाणी समोरासमोर आणतो.

मामा : मग? रडारड, माफी?

भाची : थोडं तसंच. पण त्याआधी लंगडणारा माणूस बोलतो, मारणारा ऐकतो. टोळीचा उपयोग फक्त एवढाच की त्या वेळी तिथे दुसरं कुणी येऊ नये.

मामा : हे मी कोर्टात एकदाही पाहिलं नाही. इतकी वर्षं बसलो तिथे. ज्याच्यावर वार झाला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो, सरकारी वकील विचारेल तेवढंच सांगतो, बाहेर येतो. आरोपी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. कुणी त्यांना बोलू देत नाही. शिक्षा झाली तरी पीडितांच्या घरचे लोक बाहेर येऊन मला विचारायचे, ‘झालं का? एवढंच?’ मी काय सांगणार? मी निकालाची प्रत मागायला धावायचो. हीच गोष्ट घेऊन सबंध १२ भाग का केले नाहीत त्यांनी?

भाची : मग बघितली असती कोणी?

मामा : मी बघितली असती.

(इथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सांगितलं की डोगा कोबोचं नाव मुख्यतः हलक्याफुलक्या, गोड गोष्टींसाठी आहे. त्यांच्या हातून चेहरे स्वच्छच निघणार. दोघांनीही माझ्याकडे, हा कोण, अशा नजरेने पाहिलं.)

भाची : तुला हा राजा फार स्वच्छ वाटतो ना? मग २००० सालची टीव्ही मालिका बघ. अ‍ॅनिमे नाही, खऱ्या नटांची. कुदो कान्कुरोंनी लिहिलेली. माकोतोचं काम नागासे तोमोयाने केलंय, राजा आहे कुबोझुका योसुके.

मामा : तो कसा आहे?

भाची : चक्रम. मध्येच हसतो, लहान पोरासारखा वागतो, आणि पुढच्या क्षणी काय करेल याचा भरवसा नाही. त्याची पोरंसुद्धा त्याला बिचकून असतात.

मामा : हप्ता घेतो?

भाची : ते तूच बघून मला सांग.

मामा : मग तो लाव. आणि सबटायटलची अक्षरं जरा मोठी कर.